बिनखिळ्याची भिंत

कारभारी,

काल तुझा तेरावा झाला. देवगाव रंगारीहून आलेली माणसं दुपारच्या गाडीनं परत गेली, मांडववाल्यानं कनाती सोडल्या, आणि छबूवहिनी आठवड्याभरात पहिल्यांदा भिंतीला टेकून बसल्या. ह्या सगळ्या दिवसांत मला निदान दहा जणांनी बाजूला घेऊन एकच विचारलं, "काही बोलायचं राहून गेलं का रे?" तुझं जाणंच तसं. सकाळचा चहा घेतलास, पायात चप्पल सरकवली आणि उंबऱ्यावर बसलास, तो उठलाच नाहीस. असं कुणी गेलं की जवळच्या माणसाच्या मनात काहीतरी अडकलेलं असणार, असं लोक धरूनच चालतात.

मी प्रत्येकाला नाही म्हणालो. कुणालाच ते खरं वाटलं नाही. गावाकडच्या एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "रड मोकळा, कोंडून नको घेऊ."

रडलो मी, त्याची काळजी करू नकोस. पण रडण्याच्या खाली, अगदी तळाशी, मला हायसं वाटत होतं. हे तेराव्याच्या मांडवात कुणाला सांगायचं? म्हणून तुलाच लिहितो. तू वर्षभर आधी असा उंबऱ्यावर बसला असतास, तर मला पुढचं सगळं आयुष्य मान खाली घालून काढावं लागलं असतं. कारण तेव्हा तू मला साहेब म्हणत होतास.

ते कसं झालं हे तुला माहीत आहे, पण मला एकदा सरळ ओळीत मांडू दे. मी खर्डेघाशी करणारा माणूस, कागदावर आल्याशिवाय मला कळत नाही.

हर्सूलची आपली खोली. जेलच्या मागच्या गल्लीत, वर पत्रे, खाली शहाबादी. गावच्या शाळेत आपण एकाच वर्गात. तू दहावीला गणितात गेलास आणि शाळेला रामराम करून शहरात रंगकामाला लागलास. दोन वर्षांनी मी कॉलेजला आलो तो पिशवी घेऊन थेट तुझ्या दारात. "किती दिवस राहणार?" असं तू विचारलं नाहीस. खाटेवरची तुझी लुंगी उचललीस आणि म्हणालास, "ही बाजू तुपली." त्या बाजूला मी बी.ए. होईपर्यंत राहिलो.

माझ्या घरात तोवर कुणी कॉलेज बघितलेलं नव्हतं. अभ्यास कसा करतात हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तुलाही ठाऊक नव्हतं, पण तुझ्या डोक्यात एक पक्कं होतं, की वाचणाऱ्याच्या समोर चांगली भिंत पाहिजे. मग तू कामावरून डब्यांच्या तळाशी उरलेला रंग आणायला लागलास. कुणाच्या हॉलचा क्रीम, कुणाच्या पोरीच्या खोलीचा गुलाबी, एका देवघराचा पिवळा, कुठल्याशा गेटावरचा भगवा. एका रविवारी सगळं एका डब्यात ओतून काठीनं ढवळलंस आणि माझ्या टेबलासमोरची भिंत रंगवून काढलीस. जो रंग झाला त्याला नाव नव्हतं. पपई पुरती पिकायच्या आधी कापली तर आत जसा दिसतो, तसा. त्या भिंतीवर मी वेळापत्रक डकवलं, आणि वाचून डोळे थकले की मान वर करून तिच्याकडे बघत बसायचो.

पदवीच्या दिवशी तू कामावरून तसाच आलास. तो फोटो आपल्या दोघांचा. मी भाड्याचा काळा गाऊन घालून ताठ उभा, माझा हात तुझ्या खांद्यावर, आणि तुझ्या कानाच्या पाळीला पांढरा ठिपका. फोटोवाला म्हणाला, "कान पुसून घ्या." तू म्हणालास, "राहू द्या, ती मपली पदवी."

पुढं मला नोकरी लागली, मंदाशी लग्न झालं, तुझं छबूवहिनींशी. आणि हर्सूलच्याच पुढं, त्या खोलीपासून सायकलच्या अंतरावर, मी रो-हाउस घेतलं. रंगाची वेळ आली. दुकानातून शेडकार्ड आणलं, आणि त्या शेकडो चौकोनांत माझं बोट एका चौकोनावर थांबलं. खाली लिहिलं होतं, पीच. मला वाटलं, आपल्या भिंतीला शेवटी नाव सापडलं.

आणि काम मी दुसऱ्याला दिलं.

आपल्यासारखी माणसं हीच चूक करतात. परक्याला मी बेधडक बोलावलं असतं, दुश्मनालाही बोलावलं असतं. तुला बोलावलं नाही, कारण तू कारभारी होतास. माझ्या घरात तू शिडीवर चढणार आणि मी खाली उभा राहून बोट दाखवणार, हे चित्र मला सहन होईना. तुला मजूर करायचं नाही, तुला पाहुणा करायचं, असं मी ठरवलं. त्यात मोठा मान आहे असं मला वाटत होतं. मंदा म्हणालीसुद्धा, "भाऊजींना विचारा तरी एकदा." मी तिला गप्प केलं.

दसऱ्याला वास्तुशांत होती. छबूवहिनींना घेऊन तू आलास, इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांच्या आधी. हॉलमध्ये उभा राहिलास. चारी भिंतींवरून नजर फिरवलीस, जवळ गेलास आणि हाताची मागची बाजू भिंतीला लावलीस, आई पोराचा ताप बघते तशी. मग हात मागं घेऊन म्हणालास, "छान झालं घर, साहेब."

मी हसलो. मला चेष्टा वाटली. जेवताना परत म्हणालास, "साहेब, वाढा तुम्ही, मी घेतो." जाताना छबूवहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं.

त्यानंतर तू रागानं एक शब्द बोलला नाहीस. रस्त्यात भेटलास तर थांबायचास, विचारपूस करायचास, मंदाला नमस्कार सांगायचास. सगळं नीट. फक्त मी साहेब होतो. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या पोटभर खाल्ल्या असत्या. साहेबाला उत्तर काय द्यायचं ते मला सुचत नव्हतं.

पावसाळा आला आणि भिंतींनीच तोंड उघडलं. आधी खिडकीखाली फुगा आला, मग दुसरा, मग बोट लावलं की पोपडा हातात. गिलावा ओला असतानाच त्या माणसानं पुट्टी मारून रंग चढवला होता. वास्तुशांतीला हाताची मागची बाजू लावून तुला ते त्याच दिवशी कळलं होतं. तू बोलला नाहीस. साहेबाच्या घरात, पाहुण्यांच्या समोर, भिंत ओली आहे असं कोण सांगणार?

मी तुला शोधत आलो तो औरंगपुऱ्यात. माझ्या कचेरीपासून दोन गल्ल्या, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर तुझं काम चालू होतं. जेवणाच्या सुट्टीत जिना चढून गेलो. तू शिडीवर, छताला ब्रश मारत. मी खाली. जे चित्र टाळायला मी एवढा खटाटोप केला, तेच.

"साहेब, मागं सरका. कपड्यावर पडंल."

"पडू दे. माझ्या घराचे पोपडे निघालेत."

"ज्यानं लावला त्याला सांगा की."

"तो फोन उचलत नाही."

"मग दुसरा बघा. रंगारी लई झालेत शहरात."

ब्रश चालूच होता. मी म्हणालो, "कारभारी, मी तुला बोलावलं नाही कारण मला लाज वाटली."

ब्रश थांबला. "कसली? मपली?"

"तुझी नाही. तू वर चढणार आणि मी खालून सांगणार, इथं राहिलं, तिथं राहिलं. तुझ्या भिंतीसमोर बसून शिकलो मी. मला ते जमलं नसतं."

तू छताकडेच बघत म्हणालास, "म्हंजी शिडीवर चढलो की मी बारका होतो, व्हय?"

मी खाली शिडी धरून उभा राहिलो.

"एकदा चढून बघ इथं. खालचा बारका दिसतो, वरचा नाय." ब्रश डब्यात ठेवलास. "रविवारी येतो. पण खरवडायचं तू. मी खुर्ची टाकून बसणार आणि सांगणार, इथं राहिलं, तिथं राहिलं."

आणि तसंच केलंस. माझ्या हातात खरवडायची पत्ती दिलीस, स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत बसलास आणि मंदाला म्हणालास, "वहिनी, चहा कडक करा, आज मी साहेब आहे." मंदा तोंडाला पदर लावून हसत होती. मी शिडीवर, डोक्याला रुमाल, पीच रंगाचे पोपडे अंगावर पडतायत, आणि खालून तुझा आवाज, "वरचा कोपरा कुणी खरवडायचा, जावयानं?"

दुसऱ्या रविवारी तुलाच राहवेना. तुझी पत्ती घेऊन बाजूच्या शिडीवर चढलास. दोघं वरच होतो. माझ्या डोक्यावरचा एक मोठा तुकडा सुटला, तो मला दिसला नाही. तुला दिसला.

"डोळे मीट, अंब्या."

मी मिटले. धूळ पडली, खाली तुकडा फुटल्याचा आवाज आला. तू पुढं खरवडायला लागलास, आपण काय बोललो हे तुझ्या ध्यानातही नव्हतं. मी मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून तसाच उभा राहिलो. दहा महिन्यांनी मला माझं नाव परत मिळालं होतं.

त्याच दिवशी मी तुला रंगाचंही सांगितलं. तू विचारलंस, "हा रंग कुणी काढला डोक्यातून? ट्यूबलाइट लावली की अंगाच्या साबणावाणी दिसतोय." मी म्हणालो, "हर्सूलच्या खोलीचा आहे. तुझ्या भिंतीचा. कार्डावर सापडला म्हणून घेतला."

तू पत्ती पायरीवर ठेवलीस. खिशातून तंबाखूची पुडी काढलीस, उघडली नाहीस, परत ठेवलीस.

"त्यात आठ घरांचा रंग होता," म्हणालास. "एका डब्यात कसा मिळंल?"

मी इतकी वर्षं जे मनात बाळगलं होतं, ते सगळं माझ्या त्या एका उत्तरात तू ऐकलं होतंस, हे मला कळलं. आभार वगैरे शब्द आपल्यात कधी नव्हते. तेव्हाही आले नाहीत.

मग भिंती वाळायची वाट. तू प्लास्टिकच्या पिशवीचा तळहाताएवढा तुकडा कापून भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून जायचास. दुसऱ्या दिवशी मी बघायचो आणि तुला फोन करायचो, "आतून घाम आलाय." तू म्हणायचास, "मग थांब." भाद्रपदात घरात महालक्ष्म्या बसल्या त्या उघड्याबोडक्या भिंतींपुढं. मंदानं मागं दोन साड्या बांधल्या आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगत राहिली, "काम चालू आहे." तुला ती म्हणाली, "भाऊजी, लोक हसतायत." तू म्हणालास, "हसू द्या. आत्ता लावला तर पुढच्या साली भिंत हसंल."

पिशवी कोरडी निघाली तेव्हा दसरा होऊन गेला होता. तू दुकानातून पांढरा आणलास आणि त्यात मिसळायच्या गडद रंगाच्या, स्टेनरच्या, लहान बाटल्या. बादलीत थेंब टाकायचास, ढवळायचास, बोटावर घेऊन उजेडात धरायचास. गणितात नापास झालेला माणूस, पण कुठल्या थेंबानं काय होईल हे तुला आधी ठाऊक असायचं. दाराजवळ चार चौकोन काढलेस आणि हुकूम सोडलास, "सकाळी बघा, दुपारी बघा, दिवे लावल्यावर बघा. मग सांगा." मंदा म्हणाली, "मला तर चारी सारखेच दिसतात."

"वहिनी, तव्यावरच्या भाकरी सारख्याच दिसतात का तुम्हाला?"

त्यानंतर ती तीन दिवस त्या चौकोनांसमोर येता-जाता थांबत होती. तिसरा चौकोन तिनंच निवडला. तोच होता. पपई पुरती पिकायच्या आधीचा.

मग ती एक भिंत. मोबाइलवर बघून मी ठरवलं होतं, एक भिंत टेराकोटा करायची, खिडकीच्या बाजूची. तू मोबाइल हातात घेऊन लांब धरलास, जवळ धरलास. "हा तर गेरू," म्हणालास. "आपल्या आया दिवाळीच्या आधी खाली गेरू अन् वर पांढरी माती लावायच्या, त्यांना कुणी कार्ड दिलं होतं?" पण भिंत तू बदललीस. खिडकी ज्या भिंतीत असते ती भिंत कायम अंधारी, तिला गडद लावला तर विहिरीत बसल्यावाणी वाटंल. समोरची घे, उजेड तिच्यावर पडतो. आणि तिच्यावरून परतून बाकीच्या भिंतींवर जातो. मला ते पटलं नव्हतं. रंग झाल्यावर पहिल्या संध्याकाळी मावळतीचं ऊन खिडकीतून त्या भिंतीवर आलं आणि बाजूचा पीच आतून तापल्यासारखा झाला, तेव्हा तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "काय, पटलं का?"

दिवाळीला घर तयार होतं. आणि आपलं भांडण सुरू झालं.

"या भिंतीला खिळा मारायचा नाय," असं तू त्या गेरूच्या भिंतीबद्दल जाहीर केलंस. मंदाला तिथं घड्याळ पाहिजे होतं. मला आपला पदवीचा फोटो पाहिजे होता. सोफ्यावर बसलं की समोर दिसेल असा, बरोबर मधोमध. आणि मी ह्या बाबतीत अजूनही मंदाच्या बाजूनं आहे, हे लिहून ठेवतो. भिंत असते कशाला?

"बघायला," तू म्हणायचास.

"मग घड्याळ काय डोक्यावर बांधू?" मंदा विचारायची.

"वहिनी, वेळ बघायला सगळं घर पडलंय. एक भिंत सोडा की."

दर रविवारी यायचास. चप्पल काढायच्या आधी त्या भिंतीवर वरून खालून नजर फिरवायचास, खिळा नाही ना. मग पाणी. मी म्हणायचो, "कारभारी, तुझाच फोटो आहे त्यात." तू म्हणायचास, "मग तर अजिबात नाय. मपल्याच भिंतीवर मपलंच थोबाड?" शेवटच्या रविवारीसुद्धा हेच भांडलो. होळी आठ दिवसांवर होती. मंदानं चहा समोर ठेवून सांगितलं, "होळी झाली की मी मारणार खिळा, बघून घ्या." तू कप उचललास. "मारा. मी आलो की काढीन." दारात चप्पल घालताना म्हणालास, "येतो रे अंब्या."

हे एवढंच अर्धवट राहिलं आहे, कारभारी. एक खिळा. असलं भांडण अर्धवट राहिलं तर राहू दे.

दहाव्याच्या आधी छबूवहिनींनी सगळं घर उलटंपालटं केलं. तुझा एकट्याचा एकही फोटो निघाला नाही. शेवटी तोच पदवीचा फोटो फोटोवाल्याकडे गेला आणि त्यानं मला कापून तुला मोठं केलं. कानाच्या पाळीवर ठिपका तसाच आहे. आणि तुझ्या खांद्यावर काळ्या गाऊनची बाही राहिली, माझ्या बोटांसकट. फोटोवाला म्हणत होता, ते पुसता येतं. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या."

काल सगळे गेल्यावर त्यांनी फोटोची दुसरी प्रत माझ्या हातात दिली. "तुमच्या घरी लावा, त्या भिंतीला. घरी आले की तिचंच सांगायचे. म्हणायचे, अंब्यानं खरवडली अन् मी रंगवली."

आज दुपारी मी हातोडी काढली. स्टुलावर चढलो, मधोमध अंदाज घेतला, खिळा टेकवला. मंदा खाली फोटो धरून उभी होती. होळी झाल्यावर खिळा मारणारच म्हणणारी मंदा.

"थोडा डावीकडे का?" मी विचारलं.

मी वळून बघितलं. ती भिंतीकडे बघत होती, वरून खाली, तुझ्यासारखी.

"उतरा," ती म्हणाली. "नका मारू."

"अगं, त्यांचाच फोटो आहे."

"म्हणूनच. येतील आणि आधी भिंत बघतील."

मी उतरलो. खिळा टेकवला होता तिथं नखाएवढीही खूण नाही, तपासून घेतली. फोटो तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, भिंतीच्या बरोबर समोर, कट्ट्यावरून ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. घड्याळ स्वयंपाकघरात गेलं.

सहाच्या सुमाराला मी हेच लिहीत बसलो होतो. ऊन खिडकीतून आत आलं, गेरू तापला, पीच तापला. आणि तुझ्या फोटोची सावली, चौकटीसकट, समोरच्या भिंतीवर जाऊन लागली. कमरेएवढ्या उंचीवर, थोडी तिरकी. मंदानं स्वयंपाकघरातून येऊन बघितलं.

"थोडा डावीकडे का?" तिनं विचारलं.

मी फोटो बोटभर सरकवला. आता सरळ आहे.